वासोटा ते नागेश्वर: शिवसागरावरची धार एका दिवसात

साताऱ्याजवळच्या वासोट्याला येणारी बहुतेक मंडळी किल्ला बघतात, बाबूकड्यावर फोटो काढतात आणि आल्या वाटेने उतरतात. त्यात काही वावगं नाही. पण किल्ल्यावरून दक्षिणेला नजर टाकली की सह्याद्रीची धार नागेश्वरपर्यंत, म्हणजे महादेवाच्या गुहेपर्यंत, गेलेली दिसते आणि पाय तिकडे ओढ घेतात. धारेच्या एका अंगाला कोयनेचा शिवसागर जलाशय, दुसऱ्या अंगाला कोकणात तुटलेले कडे. लाँच उतरवते त्या मेट इंदवलीच्या काठावरून वासोटा, तिथून धारेने नागेश्वर आणि पुन्हा खाली काठ, असा हा फेरा आहे. दोन-चार किल्ले चढलेत, पण लाँचच्या वेळेशी बांधलेला, अभयारण्यातला ट्रेक कधी केला नाही, अशांसाठी हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. हा फेरा अवघड होतो तो वेळेमुळे. चढ पाच-सहाशे मीटरचा, त्यात दोर लावण्यासारखं काही नाही. पण बोट उजाडल्याशिवाय सुटत नाही, अंधार पडायच्या आत परतावं लागतं आणि जंगलात मुक्कामाला बंदी आहे. या दोन टोकांत जेवढा दिवस उरतो, तेवढ्यातच सगळं बसवायचं.

कधी जावं

पावसाळ्यात हा भाग बंदच असतो. साधारण ऑक्टोबरच्या उत्तरार्धात प्रवेश सुरू होतो. तेव्हा झरे वाहते असतात, रान हिरवंगार असतं, आणि जळवाही असतात. नवख्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारी धरावा. दिवस लहान असतो हे खरं, पण हवा थंड असल्यामुळे चाल टिकते. मार्चनंतर धारेवर ऊन मी म्हणतं. शिवाय धरणाचं पाणी उतरत जातं. कोयनेची पूर्ण पातळी २१६३ फुटांची. उन्हाळ्यात पाणी बरंच खाली गेलं की लाँच नेहमीच्या जागी लागत नाही. भेगाळलेल्या गाळातून आणि दगडगोट्यांतून आधी काठ चढायचा, मग जंगल. जाताना ते जाणवत नाही, परतताना दमलेल्या पायांना चांगलंच जाणवतं.

महाशिवरात्रीला नागेश्वरला कोकणातून, मुख्यतः चोरवणे बाजूने, भाविकांची रीघ लागते. यात्रा बघायची असेल तर जरूर जा, पण पहिलाच फेरा त्या दिवशी नको. शनिवार-रविवारही टाळता आला तर उत्तम, कारण लाँच सुटते त्या बामणोलीच्या काठावर बोटीसाठी ताटकळण्यातच सकाळ जाते.

तयारी

साताऱ्यात राहत असाल तर जरंड्याच्या (जरंडेश्वरच्या) डोंगरासारखी परीक्षा नाही. पाठीवर पाण्यासह पाच-सहा किलोची सॅक घेऊन जरंडेश्वर चढा, उतरा, तासभर थांबा आणि पुन्हा चढा. दुसऱ्या चढाईत बोलत बोलत जाता आलं तर तुम्ही तयार आहात. गुडघे कुरकुरले तर या मोसमात नुसता वासोटा करा. अजिंक्यताऱ्याची रोजची फेरी चांगलीच, पण ती या कामाला पुरत नाही. उतार फार लवकर संपतो. आणि या फेऱ्यात माणसाला थकवतो तो शेवटचा उतारच.

बूट खाचदार तळव्याचे आणि वापरून मऊ झालेले हवेत. नवे कोरे बूट घालून आलेला माणूस नागेश्वरच्या आधीच फोडांवर पट्ट्या लावत बसतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पूर्ण पँट घाला. कारवीच्या काटक्या आणि काटेरी झुडपं हातापायांवर रेघोट्या ओढतात. रंग मातकट-हिरवट असू द्या, आणि अत्तर-डिओ घरीच ठेवा. कड्यांच्या कपारीत आग्या मोहोळं असतात. उग्र वास, धूर आणि आरडाओरडा या तिन्हींचा त्यांना राग.

पाणी माणशी चार लिटर. काठाजवळच्या ओढ्यावर आणि किल्ल्याच्या टाक्यात पाणी मिळतं, पण मोसम पुढे सरकला की भरवसा ठेवू नये. मिळेल ते गाळून, क्लोरीनची गोळी टाकून प्यावं. खायला चपाती, शेंगदाण्याची चटणी किंवा ठेचा, गूळ-शेंगा, राजगिऱ्याचे लाडू, दोन केळी. हे सगळं स्टीलच्या डब्यात किंवा फडक्यात बांधा. कारण लवकरच कळेल. शिवाय ओआरएस, क्रेप बँडेज, स्वतःची औषधं, शिट्टी आणि डोक्याला लावायची बॅटरी. दिवसाचा ट्रेक आहे म्हणून बॅटरी वगळू नका. दाट रानात पाच वाजताच पायाखालचं दिसेनासं होतं.

आदली रात्र बामणोलीत

नुसता वासोटा करायचा असेल तर पहाटे साताऱ्यातून निघून चालतं. नागेश्वरही करायचं असेल तर मुक्काम बामणोलीतच हवा, याबाबत मी अजिबात तडजोड करणार नाही. समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट, मग कास पठार आणि पुढे बामणोली, असा पस्तीस-एक किलोमीटरचा रस्ता आहे. घाटात धुकं असलं की तो दीड तास खातो. साताऱ्याहून एसटी आहे. वेळा स्टँडवर आदल्या दिवशी विचारून घ्या. गाडीने येत असाल तर टाकी साताऱ्यातच भरा आणि रोख पैसेही तिथेच काढा. काठावर रेंज येते-जाते, त्यामुळे मोबाइलवरून पैसे जातील या आशेवर राहू नका.

संध्याकाळी पोचलात की आधी तीन गोष्टी उरका, मग पिठलं-भाकरीवर बसा.

पहिली, परवाना. हा सगळा परिसर कोयना अभयारण्याचा, आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. प्रवेश वन विभागाच्या परवानगीनेच. प्रत्येकाचं नाव, वय, फोन नंबर आणि ओळखपत्र लागतं. प्रवेश शुल्क, कॅमेऱ्याचं शुल्क वेगळं. ड्रोन आणूच नका. उद्या नागेश्वरची वाट खुली आहे का, हा प्रश्न तिथे स्पष्ट विचारा. नियम आणि वाटा मोसमागणिक बदलतात; गेल्या वर्षी कुणीतरी गेलं होतं, हे उत्तर वनरक्षकाला चालत नाही.

दुसरी, वाटाड्या. वासोट्याची वाट मळलेली आहे, पण धारेवर आणि नागेश्वरच्या उतारावर ढोरवाटांसारख्या फसव्या वाटा फुटतात. स्थानिक माणूस बरोबर हवाच. त्याला आधीच सांगा की नागेश्वर करून खाली उतरायचं आहे, म्हणजे तो आपला हिशेब त्याप्रमाणे मांडेल.

तिसरी, बोट. भाडं सहसा पूर्ण बोटीचं असतं, माणशी नसतं. म्हणून दोघं-तिघं असलेले लोक काठावर दुसरा गट शोधतात. इथेच नवखे अडकतात. तुम्ही ज्यांच्याबरोबर बोट वाटून घ्याल, ते फक्त किल्ला बघणारे असतील तर दुपारी दोन-अडीचला काठावर येऊन बसतील आणि तुमची वाट पाहायला तयार नसतील. तेव्हा एक तर नागेश्वर करणाराच गट शोधा, नाहीतर बोटीचं पूर्ण भाडं सोसा. आणि नावाड्याशी परतीची वेळ चार लोकांसमोर ठरवा.

लाँच आणि प्लॅस्टिकची मोजदाद

पहिल्या बोटीने निघा. मेट इंदवलीला पोचायला सुमारे दीड तास लागतो. हिवाळ्यात पाण्यावर धुक्याचा थर असतो आणि वारा कानात शिरतो, तेव्हा कानटोपी हाताशी ठेवा. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि घातलेलंच ठेवा. टपावर बसून फोटो काढण्याची हौस इथे नको, पाणी खोल आहे. या पाण्याखाली जुन्या गावांची शेतं आहेत. मेट इंदवली हेही आता वस्तीचं गाव उरलेलं नाही, फक्त वन विभागाची चौकी आहे.

चौकीवर सॅक उघडावी लागते. वनरक्षक एकेक वस्तू बाहेर काढायला लावतो: पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, चॉकलेटचे कागद, वेफर्सची पाकिटं, केळ्यांची पिशवीसुद्धा. वहीत आकडा लिहितो, अनामत रक्कम घेतो, आणि परतल्यावर तेवढेच नग दाखवले की पैसे परत. नग कमी भरले की अनामत गेली. बारा जणांच्या गटाने प्रत्येकी दहा पुडे आणले की ही मोजदाद अर्धा तास चालते, आणि तो अर्धा तास तुमच्या नागेश्वरमधून वजा होतो. स्टीलचा डबा आणि एकच जाड बाटली नेणाऱ्याची सॅक दोन मिनिटांत मोकळी होते.

पहिला चढ

चौकीपासून थोडं चाललं की ओढा लागतो. तिथे मारुती आणि गणपतीच्या मूर्ती आहेत. बाटल्या इथे काठोकाठ भरा. यापुढे वाट सरळ रानात घुसते आणि चढू लागते. झाडी इतकी दाट की ऊन कवडशांपुरतंच. सुरुवातीला जमीन मऊ वाटते, म्हणून पोरं पळत सुटतात. पळू नका. श्वास नाकाने घेता येईल एवढाच वेग ठेवा, दर पाऊण तासाला पाच मिनिटं थांबा, त्याहून जास्त नाही. गटातला सगळ्यात हळू चालणारा माणूस वाटाड्याच्या मागे, पहिल्या दोघांत ठेवा. तो मागे राहिला की सारखा पाठलाग करत राहतो, पुढचे विसावून उठतात तेव्हा हा नुकताच पोचलेला असतो, आणि त्याला विश्रांती मिळतच नाही.

बोलणं हळू. गवा, अस्वल, बिबट्या हे इथले रहिवासी आहेत. आवाज करत गेलात तर शेकरूही दिसायचं नाही. गवा समोर आला तर जागीच थांबा, त्याला जायला वाट द्या, फोटोसाठी जवळ जाऊ नका. फांदी किंवा कातळ धरण्याआधी बघून घ्या. हिरवा चापडा फांदीवर असा निवांत पडलेला असतो की पान आणि साप यांत फरक करायला क्षणभर लागतो. साप चावलाच तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं असलं काही करू नका. माणसाला चालवू नका, चावलेला अवयव हलू देऊ नका आणि उचलून काठाकडे निघा. उपचार साताऱ्यात आहेत, म्हणजे आधी बोट, मग घाट. हे अंतर डोक्यात असलं की माणूस आपोआप जपून चालतो.

फाटा

बराच चढ चढून गेल्यावर वाट फुटते. उजवीकडे वासोटा, डावीकडे नागेश्वर. माझं ठाम मत: आधी वासोटा. काही जण म्हणतात, ताज्या पायांनी लांबचं नागेश्वर उरकावं आणि किल्ला परतीत करावा. अनुभवी गटाला ते शोभतं. नवख्यांनी किल्ला आधी करावा, म्हणजे परत या फाट्यावर आल्यावर घड्याळ बघून निर्णय घेता येतो. नागेश्वर सोडावं लागलं तरी मळलेली वाट पायाखाली असते आणि दिवस वाया गेला असं वाटत नाही. उलट क्रमाने गेलात आणि धारेवर कुणाचा पाय मुरगळला, तर दोन्ही बाजूंनी लांब पडता.

हिशेब असा. साडेसहा-सातला बोट, साडेआठच्या सुमारास काठ, मोजदाद उरकून नऊच्या आत चढाईला सुरुवात. अकराच्या आसपास किल्ला. तिथे पाऊण तास, आणि दुपारी साडेबाराच्या आत पुन्हा फाट्यावर. साडेबारानंतर पोचलात तर नागेश्वरचा विषय तिथेच संपला. पाच मिनिटं उशीर झाला म्हणून काय बिघडतं, असा प्रश्न गटात कुणीतरी काढतोच. त्याचं उत्तर काठावर उतरण्याच्या वेळेत आहे: बोट आणि चौकी, दोघांनाही तुम्ही संध्याकाळच्या आत हवे असता.

किल्ल्यावर पाऊण तास

शेवटी कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि दरवाजांचे अवशेष लागतात. आत शिरताच बिनछपराचा मारुती. तिथून उजवीकडे महादेवाच्या देवळावरून पुढे माचीवर जावं. इथून चकदेव, रसाळ, सुमार, महिपतगड आणि खाली शिवसागर असं सगळं एका नजरेत येतं. मग परत फिरून पडक्या वाड्याचे अवशेष आणि पाण्याच्या टाक्या करत बाबूकड्याकडे. समोर अर्धवर्तुळात तुटलेला कडा आणि पलीकडे जुना वासोटा. कड्याच्या टोकावर बसायचं नाही, पोटावर झोपून डोकं बाहेर काढायचं नाही, सेल्फी तर मुळीच नाही. जुन्या वासोट्यावर जाण्याचा हट्ट धरू नका. तिथे धड वाट नाही.

१६६० मध्ये शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेतला, त्याला व्याघ्रगड असं नाव पडलं. पुढे तो कैदखाना म्हणूनच जास्त गाजला. आजूबाजूचं रान बघितलं की कैद्याला पळून जाण्याची इच्छा का होत नसेल ते समजतं. १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवून इथे मारा केला आणि किल्ला पाडाव झाला. बाबूकड्यावर उभं राहून दोन डोंगरांमधलं अंतर बघा, म्हणजे तेव्हा काय झालं असेल ते लगेच ध्यानात येतं.

जेवण इथे नको, गूळ-शेंगा खा. पोट भरलं की धारेवर सुस्ती येते.

धार

फाट्यावरून नागेश्वरकडे वळलात की दोनेक तासांची चाल आहे. आधी रान, मग कारवी, मग मधूनमधून उघडा कडा. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला कोकण. इथे पडलेल्या पावसाचं नशीब वीतभर अंतरावर ठरतं: डावीकडे पडला तर कोयनेतून कृष्णेला आणि बंगालच्या उपसागराला, उजवीकडे पडला तर कोकणातल्या नद्यांनी अरबी समुद्राला. गंमत अशी की डावीकडच्या साठ्यातलं पुष्कळ पाणीही माणसाने बोगद्यातून पश्चिमेला पोफळीकडे वळवलं आहे, विजेसाठी.

चालण्याची रीत इथे बदलते. कड्याच्या बाजूला वाळलेलं गवत आणि खाली घसारा असतो. गवतावर पाय टाकला की बूट सरकतो. म्हणून वाट जिथे कड्याला चिकटते, तिथे एकामागोमाग एक, दोन हातांचं अंतर ठेवून चाला, आणि चालता चालता बघू नका. बघायचं असेल तर थांबून बघा. नवखा माणूस घसरतो तो बहुधा सोप्या जागी, नजर दरीत आणि पाय वाटेवर असताना. काठी असेल तर ती दरीच्या बाजूच्या हातात नको. डोंगराकडच्या हातात घ्या आणि तिच्यावर भार टाकू नका, फक्त तोल सावरा. दुपारनंतर कोकणातून वारा वर चढतो, टोपीची दोरी हनुवटीखाली बांधून ठेवा.

फांद्या तोडत, खुणा रंगवत जाऊ नका. वाटाड्याला वाट ठाऊक आहे.

शेवटचा टप्पा पुन्हा चढाचा. वर कातळाच्या पोटात गुहा आणि आत शिवलिंग. छतातून पाण्याचे थेंब लिंगावर पडत असतात. बाहेरच्या उन्हातून आलात की आत शिरताच घाम जिरतो. बूट बाहेर काढा. आता जेवा, अर्ध्या तासाहून जास्त थांबू नका. अडीच वाजले असतील तर वेळेत आहात.

उतार

इथून काठापर्यंतचे दोन-अडीच तास या दिवसातले सगळ्यात कंटाळवाणे आणि सगळ्यात जोखमीचे. कोणत्या वाटेने उतरायचं ते वाटाड्या ठरवेल. त्याच्या पुढे जाऊ नका. तीव्र उतारावर वाळलेल्या पानांचा घोट्याएवढा थर असतो. पानांखाली दगड आहे की खड्डा, ते पाय टेकल्यावरच कळतं. गुडघे किंचित वाकवून, छोटी पावलं टाकत, पाय थोडा आडवा ठेवून उतरा. टाच आपटत उतरलात तर अर्ध्या तासात मांड्या थरथरायला लागतात. ओढ्याच्या कोरड्या पात्रातल्या गोट्यांवर उड्या मारायच्या नाहीत. शेवाळ वाळलेलं दिसतं, खाली ओलं असतं. वरच्या माणसाच्या पायाने दगड सुटला तर त्याने ताबडतोब ‘दगड!’ म्हणून ओरडावं, आणि खालच्यांनी वर न बघता बाजूला व्हावं.

बुटाची नाडी उतार सुरू होण्याआधी घोट्याजवळ घट्ट बांधा, नाहीतर अंगठ्याचं नख काळं पडलंच म्हणून समजा.

काठावर परत

चौकीवर नग मोजून द्या, अनामत घ्या, गटातली डोकीही मोजा. बोट सुटल्यावर कुणी मागे राहिलं हे कळणं फार वाईट. बामणोली गाठली की गरम चहा घ्या आणि लगेच गाडी काढू नका. दिवसभर चाललेल्या ड्रायव्हरने रात्री कासवरून यवतेश्वरचा घाट उतरणं मला पटत नाही. रस्त्यावर गवे येतात आणि धुकं केव्हा उतरेल त्याचा नेम नसतो. दुसरी रात्रही बामणोलीतच काढा. ते जमणारच नसेल तर जो चढला नाही असा कुणीतरी गाडी चालवायला आधीपासूनच ठेवा.